पाहुणे येईपर्यंतचा दीड तास

लघुउद्योजकांच्या एका संघटनेची वार्षिक परिषद आमची कंपनी गेली काही वर्षं भरवते. चिंचवड भागातलं मोठं सभागृह, दोन दिवस, हजाराच्या वर माणसं. बहुतेक सगळे वाहनांचे सुटे भाग करणारे, नाहीतर ते करणाऱ्यांना काही ना काही पुरवणारे. भोसरी-चाकणचे मशीनिंगवाले, कोल्हापूरकडच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, नाशिकच्या सातपूर-अंबडचे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे. परिषद संपली की अभिप्रायाचे फॉर्म येतात आणि त्यांत दोन वाक्यं हमखास असतात. जेवण उत्तम होतं. नेटवर्किंगला अजून वेळ हवा होता.

दुसऱ्या वाक्यावर समितीचा उपाय ठरलेला. कार्यक्रमपत्रिकेत त्या नावाचा आणखी एक चौकोन वाढवायचा. चहाच्या सुट्टीचं ‘नेटवर्किंग टी’ झालं, जेवणाचं ‘नेटवर्किंग लंच’ झालं, पहिल्या संध्याकाळी ‘नेटवर्किंग डिनर’ही आलं. माणसं होती तशीच राहिली. लग्नात मुलाकडचे एका बाजूला आणि मुलीकडचे दुसऱ्या बाजूला बसतात, तसे भोसरीवाले भोसरीवाल्यांत आणि कोल्हापूरकर कोल्हापूरकरांत. पुढच्या वर्षी तक्रार पुन्हा तीच.

गेल्या वर्षी अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, “ताई, ह्या वेळी ते नेटवर्किंगचं तेवढं नीट बघा.”

मी बजेट विचारलं.

“त्याला कसलं बजेट? माणसं बोलणार फक्त.”

पहिलं काम मी हे केलं की व्हिडिओवाल्याकडून आदल्या वर्षीचं जेवणाच्या वेळचं न कापलेलं चित्रीकरण मागवलं. क्रेनवरचा कॅमेरा होता, त्यामुळे सगळा मंडप वरून दिसत होता. आवाज बंद करून आम्ही दोघं-तिघं ते बघत बसलो. वरून बघितलं की गर्दीचा स्वभाव कळतो. लोक ताट घेऊन आले की आधी ओळखीचा चेहरा शोधतात, तो मिळाला की खांद्याला खांदा लावून गोल करतात, आणि तो गोल जेवण संपेपर्यंत हलत नाही. एकटा आलेला माणूस दोन-तीन गोलांच्या पाठीशी उभा राहून बघतो, मग भिंतीकडे जातो आणि मोबाइल काढतो. एका मोठ्या कंपनीचे परचेसचे साहेब तर सारखे दिसत होते, कारण ते जातील तिथे पाच-सहा माणसं. ताटातला जिलबीचा तुकडा तसाच, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात व्हिजिटिंग कार्डांची गड्डी. शेवटी ते ताट टेबलावर ठेवून बाहेर पडले. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, ते गाडीत बसून बिस्किटं खाऊन परत गेले.

पॉल इनग्राम आणि मायकेल मॉरिस ह्या कोलंबिया विद्यापीठातल्या दोघांनी हेच मोजून बघितलं होतं. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. व्यवसायातल्या शंभरेक माणसांना एका संध्याकाळच्या मेळाव्याला बोलावून त्यांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक टॅग लावले आणि कोण कोणाशी किती वेळ बोललं ह्याची नोंद ठेवली. येण्याआधी बहुतेकांनी सांगितलं होतं की आम्हाला नव्या लोकांना भेटायचंय. प्रत्यक्षात वेळ गेला तो जुन्या ओळखीच्यांशी. तेव्हा हा आपल्याकडचाच संकोच आहे असं समजायचं कारण नाही. न्यूयॉर्कचे मॅनेजरही भिंतीलाच टेकतात.

त्या चित्रीकरणातून माझं एक मत पक्कं झालं आणि पुढचं सगळं त्यावरच उभं केलं. अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त लागतं, आणि बोलणं सुरू झाल्यावर त्यातून सुटायलाही निमित्त लागतं. ह्या दुसऱ्या निमित्ताचा विचार कोणी करत नाही. सुटता येईल की नाही ह्या धास्तीनेच अर्धी माणसं बोलायला सुरुवात करत नाहीत. परचेसच्या साहेबांचं तर सरळच होतं, त्यांना सुटकाच नव्हती.

आधी फॉर्म. नोंदणीच्या फॉर्मवर ‘आपल्या आवडीचे विषय’ असा रकाना असायचा आणि जवळजवळ सगळे ‘व्यवसायवृद्धी’वर खूण करायचे. त्यावरून कोणाची कोणाशी गाठ घालणार? तो काढून तीन प्रश्न घातले. असं कोणतं काम आहे जे बाहेर द्यायचंय पण करणारा सापडत नाही? तुमचं कोणतं मशीन सध्या रिकामं असतं? परिषदेत कोण भेटलं तर आल्याचं सार्थक होईल? मधला प्रश्न समितीतल्या एका तरुण सदस्याचा होता, आणि त्याला उत्तरच येईना.

आमच्याकडे एक काका आहेत. एका मोठ्या कारखान्यात व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे पुरवठादार शोधून तयार करण्यात, उभी हयात घालवून निवृत्त झालेले, आता आमच्याकडे वेळ मिळेल तसे येतात. ते हसायला लागले. “मशीन रिकामं आहे असं कोण लिहून देईल? बँकवाला वाचेल, शेजारच्या गाळ्यातला वाचेल. परचेसवाल्याने वाचलं तर पुढचा रेट पाडूनच मागेल.” त्यांनी प्रश्न फिरवला. ‘दिवाळीनंतर अजून कोणतं काम घेऊ शकाल?’ उत्तरं यायला लागली. माहिती तीच, फक्त मान खाली घालावी लागत नव्हती.

तरीही फॉर्मवर लोक त्रोटकच लिहितात. खरं कळलं ते फोनवर. काका रोज दुपारी डायरी उघडून बसायचे. “नमस्कार शेठ, कसं काय? पाऊस काय म्हणतोय शिरोलीत?” मग पाच मिनिटं भलतंच. मग हळूच, “सध्या अडलंय कुठे काही?” आणि डायरीत त्यांच्या बारीक अक्षरात उतरायचं: गन ड्रिलिंग, बारा मिमी, सहाशे खोल, दोघांनी नाही म्हटलंय. इंटर्नल ब्रोचिंग, छोटा लॉट, मोठे घेत नाहीत. झिंक प्लेटिंग, ट्रायव्हॅलंट, सॉल्ट स्प्रेचा (गंजाच्या चाचणीचा) रिपोर्ट देणारा हवा. हजार माणसांना फोन शक्य नव्हते, पण तीनेकशे झाले असतील. ती डायरी आम्ही एक्सेलमध्ये उतरवली. डावीकडे ‘हवं आहे’, उजवीकडे ‘करू शकतो’, आणि दोन्ही बाजू प्रक्रियेप्रमाणे लावून समोरासमोर. जोड्या लावायचं सॉफ्टवेअर विकायला एक जण आला होता. त्याच्या नमुन्यात हीट ट्रीटमेंटवाल्याची जोडी एअर कंडिशनिंगवाल्याशी लागली होती. त्याला चहा पाजून पाठवलं.

परचेसवाल्यांना आणायचं तर आधी त्यांना अभय द्यायला हवं होतं. आठ-दहा कंपन्यांना पत्रं पाठवली. पत्रात लिहिलं की तुमच्याभोवती गर्दी होणार नाही ही जबाबदारी आमची, फक्त तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी लेखी कळवा. एका कंपनीकडून उत्तर आलं, ‘कॉस्ट इफेक्टिव्ह व्हेंडर्स’. काकांनी त्यांना फोन लावला. अर्ध्या तासाने कागदावर आलं: ॲल्युमिनियम प्रेशर डायकास्टिंग, आठशे टनांचं मशीन, स्वतःचं टूलरूम, आयएटीएफ प्रमाणपत्र (वाहनांचे भाग करणाऱ्यांचं, गुणवत्तेचं) चालू असलेलं. हे सगळ्या सभासदांना पंधरा दिवस आधी पाठवलं. ज्याच्याकडे दोनशे टनांचं मशीन आहे त्याला घरीच कळलं की ह्या टेबलावर आपलं काम नाही. न मिळालेल्या भेटीबद्दल लोक फारसे रागावत नाहीत. रांगेत तासभर उभं राहून दोन मिनिटांत नकार मिळाला तर मात्र वर्षभर लक्षात ठेवतात.

प्रत्येक भेट बारा मिनिटांची आणि मध्ये तीन मिनिटं रिकामी. ती तीन मिनिटं समितीला वाया वाटत होती. तीन मिनिटांत माणूस पाणी पितो, दोन ओळी लिहून ठेवतो, समोरच्याचं नाव नीट बघतो. ती काढली असती तर चौथ्या भेटीपर्यंत सगळे चेहरे एकात एक मिसळले असते. वेळ संपल्याचं सांगायला शाळेतली असते तशी पितळेची घंटा भाड्याने आणली. मोबाइलचा अलार्म हॉलमध्ये कुणाला ऐकू जात नाही आणि सूत्रसंचालकाने माइकवरून “वेळ संपली” म्हटलं की लोकांना ते दटावल्यासारखं वाटतं. घंटेचा राग कोणाला येत नाही. दोघंही उठतात, दोघांनाही सुटल्याचं बरं वाटतं, आणि खरंच बोलायचं असेल तर “चहाला भेटू” म्हणतात.

आता त्या दीड तासाकडे येते, कारण सगळ्यात जास्त भांडण त्यावरच झालं.

निमंत्रणपत्रिकेवर उद्घाटन साडेनऊला असतं. पाहुणे अकराला येतात. हे छापणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्यालाही आणि पाहुण्यांना तर असतंच. लोक नऊला येतात, पोहे-उपमा खातात, हॉलमध्ये जाऊन बसतात, आणि रांगांमध्ये एकमेकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत दीड तास काढतात. मधूनमधून सूत्रसंचालिका सांगते की मान्यवरांचं थोड्याच वेळात आगमन होत आहे. अख्ख्या दोन दिवसांत सगळे जण एका वेळी हजर आणि ताजेतवाने असतात तो हाच वेळ. मी म्हटलं, नवा चौकोन वाढवू नका, हा वापरा. लोकांना हॉलमध्ये सोडायचंच नाही, बाहेरच्या मोकळ्या जागेत टेबलं लावायची.

“आणि पाहुणे आले, हॉल रिकामा दिसला, तर?” अध्यक्ष.

“गाडी नाशिक फाट्याला आली की आपल्याला फोन येतो. तिथून इथपर्यंत दहा-पंधरा मिनिटं आहेत. माणसं आत बसायला तेवढी पुरतात.”

“लोक उठतील का पण?”

“न उठले तर तुमची परिषद यशस्वी झाली म्हणायची.”

हे त्यांना आवडलं नाही, पण मान्य झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ ह्यांतलं काहीही कापायचं नाही ह्या अटीवर. मी हात लावणारही नव्हते. स्वागतगीत संघटनेतल्या भगिनी स्वतः बसवतात, त्याला हात लावणारा परत बैठकीला येऊ शकत नाही.

टेबलांसाठी विषय ठरवताना मी एकच नियम धरला: विषय प्रश्नाच्या रूपात हवा, आणि तो प्रश्न खरोखर रात्री झोप उडवणारा हवा. ‘एमएसएमई क्षेत्रापुढील आव्हाने’ ह्या टेबलावर कोणी बसत नाही. ‘पंचेचाळीस दिवसांत पैसे कसे काढता?’ ह्यावर बसतात. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातलं ४३ बी एच कलम आल्यावर वेळेत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काही खरेदीदारांनी लहान पुरवठादार सोडून मोठे धरले, काहींनी बिलं मार्चनंतर घालायला सांगितली. प्रत्येकाकडे सांगायला एक किस्सा होता. बाकीची टेबलं अशी: ‘ऑपरेटर शिकवून तयार केला की शेजारी जातो, काय करता?’ ‘इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या तर तुमचा कोणता पार्ट जाईल?’ ह्यावर सायलेन्सरवाले, पिस्टन रिंगवाले आणि इंजिन व्हॉल्व्हवाले असे तिघं एकत्र बसलेले बघताना मला आधी वाईट वाटलं, पण ते हसत-खिदळत होते. आणि ‘मुलगा-मुलगी धंद्यात येणार का?’

मांडवातलं सामान देणाऱ्याकडे सहा फुटी गोल टेबलं होती, दहा जणांची. त्यावर समोरच्याचं काही ऐकू येत नाही, माणूस डावीकडच्याशी आणि उजवीकडच्याशी बोलतो, बाकीचे सात शोभेला. रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलंय की आपणहून जमलेल्या गप्पांचा गट साधारण चार जणांच्या वर गेला की फुटतो. हे कुठल्याही चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहून तपासता येईल. म्हणून जेवणाची टेबलं जेवणालाच ठेवली आणि ह्या दीड तासासाठी रजिस्ट्रेशनला लागतात तसली अरुंद आयताकृती टेबलं घेतली, समोरासमोर तीन-तीन खुर्च्या. डेकोरेटरने कळकळीने सांगितलं की ह्याला फ्रिल शोभणार नाही. नाही शोभली.

साउंडवाल्याचा तर विश्वासच बसेना. चहा-नाश्त्याच्या वेळी बासरी किंवा संतूर लावायचा प्रघात आहे. मी बंद ठेवायला सांगितलं. “मॅडम, एकदम डेड वाटेल.” मागे आवाज असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोम्बार हा फ्रेंच डॉक्टर १९११ मध्ये ह्यावर लिहून गेला आणि त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. एक टेबल आवाज चढवतं म्हणून दुसरं चढवतं, म्हणून तिसरं. तासाभरात साठीच्या पुढच्या माणसांना काही कळेनासं होतं आणि ते नुसती मान डोलावतात. ऐकायचं यंत्र लावणारे आमच्या सभासदांत कमी नाहीत, प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेली माणसं ती. बासरी बंदच राहिली.

बॅजचं प्रकरण प्रायोजकाशी अडलं. बॅजवर सगळ्यात मोठं अक्षर प्रायोजकाचं असायचं, त्याखाली संघटनेचं बोधचिन्ह, मग परिषदेचं घोषवाक्य, आणि उरलेल्या पट्टीत माणसाचं नाव, तेही हातभर अंतरावरून वाचता न येणारं. शिवाय बॅज गळ्यात उलटा फिरतो आणि मागची कोरी बाजू पुढे येते. मला नाव देवनागरीत मोठं हवं होतं, खाली कंपनी आणि गाव, आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘मला विचारा’ आणि पुढे त्या माणसाचं काम. दोन्ही बाजूंना सारखंच. प्रायोजकांना शेवटी गळ्यातल्या पट्ट्यावर जागा दिली आणि फोटोत पट्टाच जास्त दिसतो हे दाखवायला जुने फोटो नेले. पटलं त्यांना.

ती शेवटची ओळ विशेषतः बायकांसाठी उपयोगाची ठरली. आमच्या सभासदांत कारखाना स्वतः चालवणाऱ्या बायका आहेत, आणि दरवर्षी त्यांना एक प्रश्न ऐकावा लागतो, “सर नाही आले?” भोसरीला प्लेटिंगचं युनिट चालवणाऱ्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, “अगं, सर गेली सहा वर्षं घरी नातू सांभाळतायत.” त्यांच्या बॅजवर आलं: ‘मला विचारा: झिंक प्लेटिंग, सॉल्ट स्प्रे रिपोर्टसह’. सरांची चौकशी पूर्ण थांबली असं नाही. पण कामाचा प्रश्न आधी यायला लागला.

यजमान म्हणून आम्ही काकांसारखीच डझनभर निवृत्त माणसं गोळा केली. कोणी क्वालिटीतले, कोणी टूलरूमचे, एक माजी प्लँट हेड. कॉलेजची मुलं स्वयंसेवक म्हणून चटपटीत असतात, पण ब्रोचिंग आणि होनिंगमधला फरक त्यांना सांगता येत नाही. ओळख करून देणाऱ्याला दोन्हीकडचं काम कळायला हवं. त्यांना सांगितलेलं काम छोटं होतं: नाव सांगा, काम सांगा, ह्या दोघांनी एकमेकांशी का बोलावं ते एका वाक्यात सांगा, आणि तिथून निघा. पहिल्या तिन्ही गोष्टी त्यांना सहज जमल्या. निघणं अजिबात जमलं नाही. माजी प्लँट हेड साहेब ओळख करून द्यायचे आणि मग १९८२ साली जपानी लोक पहिल्यांदा आले तेव्हा काय झालं ते सांगायला लागायचे. किस्से फर्मास होते, हेही खरं. दुपारी मी त्यांना घंटेवर बसवलं.

यजमानांना आणखी एक काम दिलं होतं: उभं राहून बोलणाऱ्यांच्या गोलात एक माणूस मावेल एवढी फट ठेवायला लावायची. एरिक होल्शर नावाच्या एका परिषद-संयोजकाने ह्याला ‘पॅकमॅन नियम’ असं नाव दिलंय, त्या खेळातल्या उघड्या तोंडाच्या आकृतीवरून. मी ते नाव सांगितल्यावर काकांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. “म्हणजे सरकून घ्या म्हणायचं ना?” ते म्हणाले. तेच म्हणायचं होतं.

प्रवेशद्वाराजवळ एक लांब बोर्ड उभा केला, अर्धा ‘हवं आहे’, अर्धा ‘करू शकतो’, आणि खाली कार्डं, पिना, स्केचपेनं. पहिल्या तासात ‘करू शकतो’ची बाजू जाहिरातींनी भरली: ‘सर्व प्रकारची इंजिनिअरिंग कामे माफक दरात’. असं लिहिलेलं कोणीही वाचत नाही. ‘हवं आहे’च्या बाजूला मात्र माणसं थांबत होती. एका कार्डावर लिहिलं होतं, ‘क्रायोजेनिक ट्रीटमेंट, छोटे डाय, पुण्याच्या आसपास कोण करतं?’ तासाभराने बघते तर त्याच कार्डाच्या खाली निळ्या पेनाने ‘भोसरी, मी नंबर देतो, टेबल ७’, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘त्यांच्याकडे वेळ लागतो, सातपूरला विचारा’, आणि त्याखाली लाल पेनाने ‘वेळ लागतो कारण तुम्ही लॉट उशिरा पाठवता’. तिघंही नंतर एकत्र चहा पिताना दिसले. लोकांना आपली जाहिरात लावण्यापेक्षा दुसऱ्याला पत्ता सांगण्यात जास्त गोडी असते. पुण्यात तर असतेच.

प्रत्यक्ष दिवशी दहाच्या सुमारास पाहुण्यांचे स्वीय सहायक आधी येऊन पोचले. बरोबर एक हवालदार. त्यांनी थेट हॉल गाठला, आत व्यासपीठावर फुलं लावणारा मुलगा आणि हजार रिकाम्या खुर्च्या. ते धावतच माझ्याकडे आले. “मॅडम, हॉल रिकामा आहे. साहेबांना काय सांगू मी?” त्यांना बाहेरच्या टेबलांकडे घेऊन गेले. सहाशे-सातशे माणसं बोलत होती आणि तरी समोरच्याचं ऐकू येत होतं. ते पाच मिनिटं पंचेचाळीस दिवसांच्या टेबलामागे उभे राहिले, कोणाला काही न सांगता वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि फोनवर म्हणाले, “गर्दी चांगली आहे, या सावकाश.” सावकाश हा शब्द वापरायला नको होता. साहेब साडेअकराला आले.

मुला-मुलीच्या टेबलावर सहा खुर्च्यांच्या भोवती वीस माणसं झाली होती. तिथे नवीन टेबलं जोडावी लागली आणि बघता बघता वडिलांचं एक आणि मुलांचं एक असे दोन गट पडले, एकमेकांकडे पाठ करून. हॅरिसन ओवेन ह्यांच्या ‘ओपन स्पेस’ पद्धतीतला दोन पायांचा नियम मी सूत्रसंचालिकेकडून जाहीर करवला होता: जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून खुशाल उठून दुसरीकडे जा. ओवेन ह्यांना ती पद्धत कशी सुचली तेही ऐकण्यासारखं आहे. १९८३ मध्ये वर्षभर खपून त्यांनी एक परिषद भरवली आणि लोकांना सगळ्यात आवडल्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. १९८५ मध्ये त्यांनी मग सुट्टीच्याच धर्तीवर अख्खी परिषद केली. आमच्याकडे घोषणा होऊनही पहिला अर्धा तास कोणी उठलं नाही. चालू बोलण्यातून उठणं आपल्याकडे उद्धटपणाचं मानतात. मग एका ज्येष्ठ सभासदांनी मोठ्याने “दोन पायांचा नियम बरं का!” असं म्हणून खुर्ची सरकवली, आणि नंतर तेच वाक्य म्हणत लोक उठायला लागले. दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीतूनही एक जण ते म्हणून उठले.

परचेसच्या टेबलांवर बहुतेक भेटी ठरल्याप्रमाणे झाल्या. परचेसवाल्यांचं जेवण आम्ही त्याच काउंटरवर, तेच ताट, पण पडद्यामागे अर्धा तास ठेवलं होतं. वेगळं व्हीआयपी जेवण केलं असतं तर सभासदांनी मला उभं केलं नसतं. अर्धा तास निवांत जेवून गाडीत बिस्किटं खाणारे ते साहेब स्वतःहून बाहेर आले आणि बोर्डाजवळ जाऊन कार्डं वाचायला लागले. त्यांच्याभोवती दोन-तीन माणसं जमली, पण फट होती.

दुसऱ्या दिवशी चारनंतर काहीही महत्त्वाचं ठेवलं नव्हतं. कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, नाशिक दोनशेच्या आसपास, वाळूजही साधारण तेवढंच. चारला बस निघतात. पाचला ‘समारोपाचं नेटवर्किंग’ ठेवणारे संयोजक चिंचवडमध्येच राहत असावेत.

परिषदेनंतर प्रायोजकांकडून नेहमीची मागणी आली: सगळ्यांची नावं, नंबर, ईमेल. पूर्वी ती यादी सरसकट जायची, आणि महिनाभर सभासदांना कर्जाचे आणि विम्याचे फोन यायचे. पुढच्या वर्षी लोक फॉर्मवर खोटे नंबर लिहायचे ते ह्यामुळेच. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचा आधार घेऊन मी फॉर्मवर परवानगीचा वेगळा चौकोन टाकला होता. ज्यांनी खूण केली त्यांचीच यादी दिली. ती बरीच छोटी होती आणि त्यावरून एक प्रायोजक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

व्हॉट्सॲपचा एकच मोठा गट करायलाही मी नकार दिला. तसा गट पूर्वी होता. तो तीन आठवड्यांत सुप्रभात, पुण्यतिथी आणि हरवलेल्या कुत्र्यांपर्यंत पोचला. त्याऐवजी प्रक्रियेप्रमाणे छोटे गट केले. ब्रोचिंगवाल्यांच्या गटात अकरा माणसं आहेत आणि तिथे फक्त ड्रॉइंग आणि तारखा असतात. हीट ट्रीटमेंटच्या गटात मात्र परवा सुप्रभात आलं.

महिना-दीड महिन्याने काकांनी पुन्हा डायरी उघडून फोन केले. किती कार्डं मिळाली हे विचारायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. प्रश्न एकच: परिषदेत भेटलेल्यांपैकी कोणाशी नंतर बोललात का? बऱ्याच जणांनी नाही सांगितलं. काहींचं बोलणं रेटवर अडलं. गन ड्रिलिंगच्या एका कामाला रांजणगावचा माणूस मिळाला, नमुने पास झाले, ऑर्डर अजून यायचीय. प्लेटिंगवाल्या बाईंना दोन चौकशा आल्या, त्यांतली एक त्यांनी स्वतःच नाकारली, “तो नव्वद दिवसांचं क्रेडिट मागतो, कशाला?” दोनदोनशे टनांची डायकास्टिंग मशीनं असलेल्या दोघांनी एकमेकांचा पत्ता घेतला आणि आता एकाचं टूल बिघडलं की दुसऱ्याकडे जातं. हे दोघं कुठल्याच एक्सेलमध्ये जोडलेले नव्हते. परचेसच्या टेबलाचे निकष वाचून आपण बाद आहोत हे दोघांनाही घरीच कळलं होतं, आणि नाश्त्याच्या रांगेत त्यावरूनच बोलणं निघालं.

ह्या वर्षीची तयारी सुरू झाली आहे. पहिल्याच बैठकीत खजिनदारांनी प्रस्ताव मांडला: परचेसची टेबलं एवढी चालली, तर त्यांतल्या भेटींना शुल्क लावू, जो जास्त देईल त्याला आधीची वेळ. पैसे देऊन आलेला दोनशे टनवाला आठशे टनांच्या टेबलावर बसला की परचेसवाला दुसऱ्या वर्षी येणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. खजिनदार म्हणाले, “ताई, बजेट कुठून आणायचं मग? मागच्या वर्षी तुम्ही नुसती टेबलंच किती आणलीत.” माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतलाय. काका आणि मी मिळून गुरुवारपर्यंत दुसरा आकडा काढणार आहोत, पट्ट्यावरची जागा जास्त किमतीला विकता येते का तो.